साडेअकरा पेन्सची जास्वंद

माझ्या जास्वंदीची फुलं चोरणारा माणूस हृदयरोगतज्ज्ञ होता. हे सुरुवातीलाच सांगते, कारण पोलिसाला सांगितलं तेव्हा लिहिता लिहिता त्याचं पेन थांबलं होतं.

निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ, वय अठ्ठ्याहत्तर. मिशिगनमधल्या नोव्हाय गावात आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. इथलं मराठी मंडळ ज्या चार-पाच जणांनी उभं केलं, त्यांतले एक. सगळं गाव त्यांना डॉक्टरकाका म्हणतं. मी नुसतं डॉक्टर म्हणते. मला ते चकलीवहिनी म्हणतात, आणि ते मला आवडत नाही.

या नावाचं कारण असं, की अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी आमच्या बेसमेंटमध्ये चकल्या करून विकायला सुरुवात केली. तेव्हा डॉक्टर मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांनी माझ्याकडून दिवाळीचा सगळा फराळ सेवा म्हणून, म्हणजे फक्त सामानाच्या किमतीत करून घेतला आणि मोबदल्यात माइकवरून माझं कौतुक केलं, 'या आमच्या चकलीवहिनी.' पुढे मी दुकान टाकलं, मग शेजारचा गाळा घेऊन मोठं किचन केलं. आज माझ्याकडे चौदा माणसं कामाला आहेत आणि माझ्या चकल्या थेट ओहायोपर्यंत जातात. पण डॉक्टर मंडळात कुणाशीही माझी ओळख करून देतात ती चकलीवहिनी म्हणूनच. त्यामुळे गॅरेजवरच्या कॅमेऱ्यात जेव्हा त्यांचे पांढरे बूट पहिल्यांदा दिसले, तेव्हा राग आलाच, पण थोडा आनंदही झाला हे लपवत नाही.

जास्वंद मी एका नर्सरीतून आणली होती. सीझन संपताना वाळक्या काड्यांचा एक ढीग त्यांनी बाहेर काढून ठेवला होता. त्यावर अर्धी किंमत लिहिली होती. मी म्हटलं, 'यातलं निम्मं मेलेलं आहे, मग किंमतही निम्मी करा.' त्या मुलीने मॅनेजरला बोलावलं आणि मॅनेजरने केली. अमेरिकेत भाव होत नाही असं जे म्हणतात, त्यांनी कधी विचारलेलंच नसतं. ती काडी मी जगवली. मिशिगनच्या थंडीत जास्वंद जगवायची म्हणजे थंडीच्या आधी कुंडी ओढत घरात आणायची, दिवा लावायचा, पानांखालचे किडे कापसाने एकेक करून पुसायचे आणि मे महिन्यात पुन्हा ओढत बाहेर. एवढं केल्यावर तिला रोज चार-पाच लालभडक फुलं यायला लागली, आणि ती रोज सकाळी नाहीशी व्हायला लागली.

कॅमेऱ्यात डॉक्टर छान दिसत. सकाळच्या चालण्याच्या वेळी ते आमच्या ड्राइव्हवेपाशी थांबत, डावी-उजवीकडे बघत, जॅकेटच्या खिशातून झिपची प्लॅस्टिकची पिशवी काढत आणि दोन बोटांत देठ धरून एकेक फूल अगदी हलक्या हाताने खुडत. सर्जनचं काम बघावं तसं. मग पिशवी बंद करून झाडाला नमस्कार करत. या नमस्काराने माझं डोकं फिरलं. चोराने चोरी करावी आणि जावं. आभार कशाला मानायचे?

आता मराठी वाचकाला हे सांगायला नको की सकाळी फिरायला निघालेला पेन्शनर आणि लोकांच्या कुंपणावरची फुलं यांचं नातं फार जुनं आहे. माझ्या माहेरी आमचे शेजारी काठीला आकडा लावून फिरायचे, आणि त्यांना कुणी चोर म्हणत नसे. पण इथे कुंपणंच नाहीत. पन्नास वर्षं अमेरिकेत राहून हजारो लोकांची हृदयं दुरुस्त केलेला माणूस झाड दिसलं की पुन्हा तिथला होतो.

एकदा मी गाडीतून त्यांच्या शेजारून हळूहळू चालवत गेले, काच खाली केली आणि विचारलं, "डॉक्टर, पिशवीत काय आहे?"

"देवाची फुलं."

"देव राहतो कुठे? माझ्या ड्राइव्हवेवर?"

ते अजिबात गडबडले नाहीत. चालतच राहिले आणि मला समजावलं, "वहिनी, देवासाठी तोडलेल्या फुलाला चोरी म्हणत नाहीत. शास्त्रात आहे."

यावर मी जे बोलले ते सगळं इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की कुत्र्याला फिरवणारी एक अमेरिकन बाई थांबली आणि तिने डॉक्टरांना विचारलं की तुम्हाला मदत हवी आहे का. मला नाही, त्यांना. मग मी पोलिसांना फोन केला, ९११ला नाही, साध्या नंबरवर. तरणा पोलीस आला, त्याने व्हिडिओ पाहिला, पेन थांबवलं आणि फुलांची किंमत विचारली. मी सांगितली. त्याने तोंडावर हात धरला आणि म्हणाला, मॅम, एकदा त्यांच्याशी बोलून बघा ना.

लोकांना वाटायचं की मला फुलं हवी आहेत. मला फुलांची भरपाई नको होती. मला त्या माणसाच्या तोंडून एक शब्द हवा होता, चोरी. त्यांनी चारचौघांत म्हणावं की मी या बाईची चोरी केली. फुलांची म्हटलं तरी चाललं असतं, फराळाचं मी मनातल्या मनात धरून घेतलं असतं.

इथे माझी मुलगी येते. ती इथेच जन्मली आणि आमच्यापासून तासाभराच्या अंतरावरच्या कॉलेजात इतिहास शिकवते. मी तिला म्हटलं होतं डॉक्टर हो. ती झाली, पण चारशे वर्षांपूर्वीच्या चोरांची. इंग्लंडात पहिली एलिझाबेथ राणी असताना तिथल्या काउंटीच्या न्यायालयांत जे बारीकसारीक खटले चालत, त्यांची दफ्तरं वाचणं हा तिचा धंदा आहे. कुणी कोंबडी पळवली, कुणी कुंपणावर वाळत घातलेले मोजे उचलले, कुणी सरपणासाठी शेजाऱ्याचं कुंपणच मोडलं. इतकी वर्षं मी हे फोनवर ऐकायचे आणि दुसऱ्या हाताने ऑर्डरी लिहायचे. त्या आठवड्यात मात्र मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "फुलं चोरली तर काय करायचे?"

"आई, धिस इज अबाउट काका, राइट?"

मी म्हटलं, शास्त्रीय प्रश्न आहे. मग तिने मला जे सांगितलं त्यासाठी तिच्या शिक्षणाचा सगळा खर्च वसूल झाला. त्या काळी चोरीचा माल बारा पेन्सपेक्षा जास्त किमतीचा असेल तर शिक्षा फाशी. बारा किंवा कमी असेल तर किरकोळ चोरी, म्हणजे फटके किंवा तसलंच काही. आता गावातल्याच बारा माणसांची ज्यूरी, आरोपीला सगळे ओळखणार, कोंबडीसाठी कुणाला लटकवावंसं वाटणार? म्हणून ते सरळ मालाची किंमत पाडायचे. धडधडीत चांगली वस्तू, पण कागदावर दहा पेन्स. म्हणजे तिथे न्याय व्हायचा तो भाव करून. मी मनात म्हटलं, या राज्यात माझं बरं चाललं असतं.

पुढे ती बोलता बोलता म्हणाली की महिनाअखेरीच्या शनिवारी गावच्या लायब्ररीत इतिहासाचा दिवस आहे आणि तिचे विद्यार्थी तसलं एक न्यायालय हुबेहूब भरवणार आहेत. खटले बनावट. मी म्हटलं, माझ्याकडे खरा आहे.

ती नाही म्हणाली. काका म्हातारे आहेत, लोक काय म्हणतील, हे बरोबर नाही, सगळं सांगून झालं. मी साठ माणसांचे समोसे आणि चहा देऊ केला. फुकट. माझ्या तोंडून हा शब्द तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकला असावा, कारण ती गप्प झाली. पण माझीच मुलगी. तिने वर अट घातली की यापुढे मी तिच्या डीनला फोन करून तिच्या पगाराचा भाव करायचा नाही. मी एकदाच केला होता, आणि त्याचा फायदाही झाला होता. तरी कबूल केलं.

डॉक्टर नाही म्हणतील अशी मला आशा होती. म्हणजे घाबरला असं सांगत फिरता आलं असतं. पण मुलीचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत ते हो म्हणाले. तीस वर्षं मंडळाच्या नाटकांत त्यांनी कामं केली आहेत. त्यांनी फक्त पोशाख काय ते विचारलं.

शनिवारी लायब्ररीचा हॉल भरला होता. निम्मे गोरे, निम्मं मंडळ. कॉफी गाळायचे कागद जोडून विद्यार्थ्यांनी गळ्याभोवती झालरी केल्या होत्या. मुलीचा एक उंच, म्हातारा सहकारी न्यायाधीश होऊन बसला होता आणि मुलगी कारकून. ज्यूरीत प्रेक्षकांतलेच बारा जण, त्यांतले तिघे मंडळाचे. त्या काळी ज्यूरीत बायका नसत, पण मुलगी म्हणाली की एवढी सूट इतिहासाने द्यावी. ज्यूरीची प्रमुख झाली एक निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर, चांगली धिप्पाड, आवाज असा की मागच्या सीटवरच्या पोराने जागीच बसावं. तिला बघून मला बरं वाटलं. डॉक्टर झब्बा घालून आले होते आणि डोक्यावर कुठल्याशा नाटकातली मखमली टोपी.

मुलीने आरोप वाचला. त्या काळचा ठरलेला मजकूर होता, की आरोपीने बळाने आणि शस्त्रानिशी येऊन राणीच्या शांततेचा भंग करत जास्वंदीची फुलं नेली. शस्त्रानिशी म्हणताच डॉक्टरांनी खिशातून झिपची पिशवी काढून सगळ्यांना दाखवली. हॉल हसला. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हा दिवस कुणाचा आहे.

मी फोन काढून व्हिडिओ लावायला गेले तर न्यायाधीश म्हणाला, हे काय यंत्र? आमच्या काळात डोळ्यांनी पाहिलेलंच चालतं. म्हणजे माझा तीन महिन्यांचा पुरावा गेला. पण डॉक्टर स्वतःच उभे राहिले आणि म्हणाले की फुलं मी तोडली, रोज तोडली, चोरी मात्र केली नाही. हे सगळं इंग्रजीत चाललं होतं. त्यांनी गोऱ्यांना गणपती, लाल फूल आणि पहाटेची पूजा असं सगळं दहा मिनिटांत समजावलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईने वहीत लिहून घेतलं.

मग माझी साक्ष. शपथ घ्यायला हात कशावर ठेवू म्हटलं, तर न्यायाधीश म्हणाला, तुम्हाला जे पवित्र वाटेल त्यावर. मी पर्समधून दुकानाच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या आणि त्यावर हात ठेवला. मंडळातले काही जण हसले. मी विनोद केला नव्हता.

मी चांगली बोलले. कुंडी ओढणं, दिवा, किडे, कापूस, सगळं सांगितलं. बसवाली मान हलवत होती. खटला माझ्या बाजूने येतोय असं वाटत असताना मुलीने जाहीर केलं की त्या काळी आरोपीला वकील नसे, तो साक्षीदाराला स्वतःच प्रश्न विचारी. डॉक्टर पुढे आले. टोपी काढली. आणि मराठीत विचारलं.

"वहिनी, दोन वर्षांपूर्वी गणेश चतुर्थीला सकाळी मी तुमच्या दारात आलो होतो का?"

मुलीने लोकांसाठी भाषांतर केलं आणि माझ्याकडे बघितलं.

खरं सांगते, तोपर्यंत मला ते आठवत नव्हतं. जो सौदा जमला नाही तो मी डोक्यात ठेवत नाही, ठेवला तर जागा पुरणार नाही. पण त्यांनी विचारलं आणि ती सकाळ समोर उभी राहिली. मी व्हॅनमध्ये मोदकांचे ट्रे भरत होते. डॉक्टर रेशमी सोवळ्यात, वर जॅकेट घालून आले होते आणि म्हणाले होते, एक फूल द्याल का, आमचं झाड यंदा गेलं. आणि मी हातातला ट्रे खाली न ठेवता म्हटलं होतं की देते की, यंदा मंडळाच्या दिवाळीच्या जेवणाचं काम मला मिळवून द्या, सगळं झाड तुमचं. ते रिकाम्या हातांनी परत गेले होते.

त्या हॉलमध्ये हे दोघांनाच माहीत होतं. मी नाही म्हटलं असतं तर प्रश्न मिटला असता. त्यांच्याकडेही व्हिडिओ नव्हता, आणि असता तरी चालला नसता. नाटकातली शपथ, कॉफीच्या कागदांच्या झालरी, कोण मला काय करणार होतं? पण हाताखाली किल्ल्या होत्या आणि समोर मुलगी होती. मी तिला लहानपणी शिकवलं होतं की भाव कितीही खेचावा, पण माल खोटा सांगू नये.

"आले होते," मी म्हटलं. "फूल मागितलं होतं. मी बदल्यात मंडळाचं कंत्राट मागितलं."

मुलीने भाषांतर केलं. हॉल इतका हसला की न्यायाधीशाला हातोडा आपटावा लागला. मंडळाची मंडळी सगळ्यांत जास्त हसली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी टोपी घातली आणि जागेवर जाऊन बसले.

ज्यूरीने कोपऱ्यात जाऊन डोकी एकत्र केली. प्रत्येकाला मुलीने त्या काळच्या भावांचा एक कागद दिला होता, कोंबडी, मेणबत्त्या, लोकरी मोजे वगैरे. पाच मिनिटांत ते परत आले. बसवाली म्हणाली, आरोपी दोषी आहे, फुलं त्याने विचारल्याशिवाय नेली. मी खुर्चीत ताठ बसले. ती पुढे म्हणाली, फुलांची एकूण किंमत दहा पेन्स.

मी उभी राहिले. मला बोलायचा अधिकार होता की नाही माहीत नाही. मी म्हटलं, दहा? तीन महिन्यांची फुलं? या कागदावर कोंबड्या बघा, दोन कोंबड्याही येत नाहीत. माझं झाड काय कोंबडी आहे? बसवाली म्हणाली, फूल संध्याकाळी कोमेजतं, कोंबडी अंडी घालते. मी म्हटलं, कोंबडीला हिवाळ्यात दिवा लावून रात्ररात्र कुणी पुसत नाही. ती म्हणाली, बरं, साडेदहा. मी म्हटलं, तुम्ही इतकी वर्षं बस चालवलीत, कुणी फुकट बसलेलं चाललं असतं? ती म्हणाली, शाळेची बस होती, सगळेच फुकट बसायचे. लोक हसले. पण अकरा झाले. मी खिडकीतून बाहेर बघितल्यासारखं केलं आणि पर्स उचलली. हा माझा ठेवणीतला डाव, घाऊकवाल्यांशी नेहमी चालतो. साडेअकरा झाले.

मी तोंड उघडलं, बारा आणि मग तेरा करायच्या तयारीने. तेवढ्यात मुलगी टेबलापलीकडून वाकली आणि हळूच म्हणाली, "आई, स्टॉप. बाराच्या वर गेलीस की काकांना फाशी."

मी डॉक्टरांकडे बघितलं. ते खुर्चीत हात जोडून बसले होते, अगदी जास्वंदीला करायचे तसाच नमस्कार, पण या वेळी माझ्याकडे तोंड करून. चेहरा गंभीर, डोळे मात्र मिस्कील. आयुष्यात माझ्यासमोर असा सौदा कधी आला नव्हता, जिथे एक पेनी जास्त मिळवली की गिऱ्हाईकच जातं. मी साडेअकरावर बसले. इतकं चांगलं गिऱ्हाईक गमवायचं नव्हतं, असं मी नंतर नवऱ्याला सांगितलं.

संपलं असं वाटलं होतं. पण ज्यूरीतली मंडळाची एक बाई, जिला मी गेल्या वर्षी पुरणपोळीत पाच सेंटही सोडले नव्हते, उभी राहिली. तिने मुलीने वाटलेली माहितीपत्रिका नीट वाचली होती. तिने विचारलं की त्या काळी गावात भांडण करत फिरणाऱ्या बाईवरही खटला व्हायचा, खरं ना? मुलीला खोटं बोलता येईना. हो, व्हायचा. सार्वजनिक कजाग बाई असा आरोप असे आणि खुर्चीला बांधून तळ्यात बुचकळत. मग हॉलमध्ये साक्षीदारांची रांगच लागली. कुणाशी मी समोशांच्या साइझवरून भांडले होते, कुणाशी पार्किंगवरून, आणि मागच्या रांगेत ती कुत्रेवाली अमेरिकन बाई निघाली, जी मुळात लायब्ररीत पुस्तक परत करायला आली होती. ज्यूरी या वेळी कोपऱ्यात गेलीसुद्धा नाही. बाराच्या बारा जणांनी बसल्या जागी माना डोलावल्या.

न्यायाधीश म्हणाला की लायब्ररीला तळं नाही, म्हणून चोर आणि कजाग बाई दोघांनाही पाव तास खोड्यात बसवा.

खोडा म्हणजे विद्यार्थ्यांनी जाड पुठ्ठ्याचा केला होता, दारापाशी, चार भोकांचा. आम्ही दोघं दोन खुर्च्यांवर बसलो आणि आमचे पाय त्यात अडकवले. येणारे-जाणारे आमच्या अंगावर ओले स्पंज टाकू शकत होते आणि तसा कागदही लावला होता. मंडळाने चांगला उपयोग करून घेतला. मी दिलेले फुकट समोसे एका हातात आणि दुसऱ्या हातात स्पंज. डॉक्टरांना एकही लागला नाही. त्यांना नेम धरून कोण मारणार, निम्म्यांचं ब्लडप्रेशर त्यांनीच सांभाळलं होतं.

गर्दी चहाकडे वळली तेव्हा डॉक्टरांनी झब्ब्यातून रुमाल काढून मला दिला. मी तोंड पुसलं.

"त्या दिवशी मी घरी गेलो," ते म्हणाले, "आणि गणपतीला दुकानातलं गुलाबी फूल वाहिलं. हिला सांगितलं, वहिनींनी दिलं नाही. ही म्हणाली, तुम्ही अध्यक्ष असताना त्यांच्याकडून फराळ कसा नेलात ते आठवा."

काकूंबद्दल माझं मत त्या क्षणी एकदम वर गेलं.

"मग मागायची लाज वाटायला लागली," ते पुढे म्हणाले. "घ्यायची नाही वाटली. गंमत आहे ना? शास्त्रबिस्त्र काही नाही, वहिनी. चोरीच होती."

तो शब्द. आजूबाजूला कुणीही नव्हतं. माइक नाही, मंडळ नाही, मुलगी चहा ओतत होती. ज्या शब्दासाठी मी साठ माणसांचे समोसे दिले होते, तो एकटीने ऐकला. मी त्यांना म्हणू शकले असते की हेच आता मोठ्याने म्हणा. नुकत्याच कजाग ठरलेल्या बाईने दुसऱ्याला मोठ्याने बोलायला लावावं हे मला बरोबर वाटलं नाही. म्हणजे तसं मी आता म्हणते. त्या वेळी मला एवढंच वाटलं की आता चूक कबूल करायची पाळी माझी आहे, आणि ते मला येत नव्हतं. मला भाव करता येतो. म्हणून मी तोच केला.

"रोज दोन फुलं," मी म्हटलं. "पण बेल वाजवून, मागून घ्यायची."

"चार," डॉक्टर लगेच म्हणाले. "रोज पूजा असते."

"दोन. देव तुमचा एकच आहे."

"पाच आहेत. पंचायतन आहे."

"मग देवांना आळीपाळीने द्या."

तीनवर आलो. चतुर्थीला पाच. आणि चकलीवहिनी बंद. या शेवटच्या अटीवर त्यांनी सगळ्यांत जास्त वेळ घेतला, म्हणाले की ते नाव मी प्रेमाने ठेवलं होतं. मी म्हटलं, फराळही प्रेमानेच नेला होतात. मान्य झालं. खोड्यातून पाय निघत नव्हते म्हणून हात पुढे करून हस्तांदोलन केलं, आणि तेवढ्यात बसवालीने लांबून एक स्पंज टाकला तो नेमका आमच्या हातांवर पडला.

घरी येताना मुलीने विचारलं, काका तुला काय म्हणाले. मी म्हटलं, हवेबद्दल बोलत होतो.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुकान उशिरा उघडतं, म्हणून मी आठवड्यातून एकदाच सात वाजेपर्यंत झोपते. साडेपाचला बेल वाजली. बाहेर काळोख होता. नवरा दचकून उठला, त्याला वाटलं भारतातून काही वाईट बातमी आली. मी गाउनवर जॅकेट चढवून दार उघडलं. डॉक्टर अंघोळ करून, कपाळाला गंध लावून, हात जोडून उभे होते.

"तीन फुलं मागायला आलो आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, ही काय वेळ आहे? ते म्हणाले, बेल वाजवायची अट तुमची आहे, वेळ करारात नव्हती, माझी पूजा सहाला असते. आणि खरंच नव्हती. अठ्ठावीस वर्षं धंदा करून मी वेळ ठरवायला विसरले होते. आधी बिचारे न सांगता, आवाज न करता घेऊन जात होते आणि मी झोपलेली असायचे.

दारातल्या थंडीत उभ्या उभ्या पुन्हा बोलणी झाली. मी सात म्हटलं, त्यांनी सव्वासहा म्हटलं. पावणेसातवर जमलं, पण पूजा पंचेचाळीस मिनिटं पुढे गेल्याबद्दल त्यांनी माझ्याकडून चौथं फूल काढून घेतलं. जाताना ते स्वतःच मागे वळले आणि म्हणाले, "येतो, शेठाणीबाई."

मी दार लावलं. या नावाबद्दल करारात काहीच नव्हतं. आणि मी ते तसंच ठेवलं.